खोडा, पिंजरा आणि वेस

आमच्या भोर-वेल्ह्याकडं भांडण पेटलं की दोन शाप हमखास निघतात. "तुझ्या हातात बेड्या पडत्याल" हा एक. "तुला पटकी येईल, मरीआई गाठील" हा दुसरा. शाप देणाऱ्या म्हातारीला शब्दांचा इतिहास ठाऊक नसतो, पण जोडी तिनं नेमकी उचललेली असते. तुरुंगात आणि रोगात एकच गोष्ट घडते. माणूस माणसांतून उचलून बाजूला काढला जातो, आणि काढायचं की नाही हे तो स्वतः ठरवत नाही.

ह्या दोन्हींचे जुने शब्द मी काही वर्षं गोळा करतोय. गिरणीत तीन पाळ्या. रात्रपाळी सुटली की दोन तास झोपायचं आणि वाचनालय गाठायचं. मोल्सवर्थचा कोश (१८३१, दुसरी आवृत्ती १८५७), कृ. पां. कुलकर्ण्यांचा मराठी व्युत्पत्तिकोश (१९४६), आणि डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलेला इंग्रजीतला हॉब्सन-जॉब्सन (१८८६). कॉलेज मी बाहेरून पाहिलंय. पण शब्द कॉलेजच्या मालकीचे नाहीत. ते आपल्या आज्यांच्या तोंडात जास्त आहेत. आपण सभेत म्हणतो की शब्द हे आपलं शस्त्र. मग त्याला धार आहे की गंज चढलाय, हे बघायला नको का?

पहिला शब्द तुरुंग. हा संस्कृत नाही, फार्सीही नाही. हा पोर्तुगीज आहे. मूळ शब्द 'ट्रोंको', अर्थ झाडाचं खोड. लाकडाच्या ओंडक्याला भोकं पाडायची, त्यात कैद्याचे पाय अडकवायचे. त्या ओंडक्यालाही ट्रोंकोच म्हणायचे. मग ओंडका जिथं ठेवला ती जागाच ट्रोंको झाली. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला आणि त्यांच्या जहाजांबरोबर हा शब्द किनाऱ्याकिनाऱ्यानं हिंडला. मराठीत तुरुंग, मल्याळममध्ये तुरुंक, पार मलायात तेरुंकू.

आता त्याच्याशेजारी आपला शब्द ठेवा. खोडा. खोड म्हणजे बुंधा, आणि खोडा म्हणजे पाय अडकवायचा ओंडका. दोन भाषा, मध्ये सात समुद्र, आणि दोघींनाही माणूस कोंडायला आधी झाडच सापडलं. भिंती, गज, फाटक हे सगळं मागनं आलं. तुरुंगाचा मूळ अर्थ पाय हलू न देणं एवढाच. म्हणून आजही कुणी आपलं काम अडवलं तर आपण म्हणतो, "त्यानं खोडा घातला." तहसील कचेरीत जातीच्या दाखल्यासाठी सात खेपा घातलेल्याला ह्या शब्दाचा अर्थ कोश न उघडता कळतो.

बाकीचे शब्द ज्या त्या राज्याबरोबर आले. कैद अरबी, मूळ अर्थ बेडी. हवाली करणे, हवालात आणि हवालदार हे तिघं एकाच अरबी शब्दाचे, सोपवणं ह्या अर्थाचे. गुन्हा फार्सी, तिथं त्याचा अर्थ पाप. जेल इंग्रजी, पण त्याच्याही मागं लॅटिन शब्द आहे, आणि त्याचा अर्थ आहे छोटा पिंजरा. हा पिंजरा ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे. कोठडी तेवढी इथली. संस्कृत कोष्ठ म्हणजे आतली बंद जागा. धान्याची कोठी त्याच्यापासून, पोटातला कोठा त्याच्यापासून, आणि पोट साफ होत नाही ते बद्धकोष्ठही त्याचंच. म्हणजे तुरुंगाचा एक शब्द आणि दुखण्याचा एक शब्द एकाच आईच्या पोटचे निघाले.

इंग्रजांच्या आधी आपल्या मुलखात तुरुंग म्हणजे बहुतेक वेळा किल्ला. पेशवाईतला बडा कारभारी सखारामबापू बोकील, तोही १७८१ मध्ये रायगडावर कैदेतच मेला. आमच्या उशाला राजगड आणि तोरणा आहेत. वेल्हे तालुक्याला तर आता राजगडचंच नाव मिळालं. पण ग्रँट डफनं १८२६ च्या आपल्या इतिहासात एक गोष्ट नोंदवलीय, ती गडावर सहली काढणाऱ्यांना कुणी सांगत नाही. किल्ल्याबाहेरच्या चौक्या रामोशी, महार आणि मांग सांभाळत. वाटा त्यांना ठाऊक, बातमी तेच आणणार, पहिला घावही त्यांच्यावरच. म्हणजे राखायचा गड, आणि राहायचं गडाबाहेर. ह्या 'बाहेर'वर मी शेवटी येतो.

किल्ल्यांचा जमाना संपला तरी भोरचं नाव तुरुंगाच्या इतिहासातनं सुटलं नाही. उमाजी नाईक १५ डिसेंबर १८३१ ला पकडला गेला तो भोरजवळच्या उत्रोळीत. ३ फेब्रुवारी १८३२ ला पुण्यात त्याला फाशी दिली. त्याच्याबद्दल सांगतात की आधीच्या एका कैदेत तो लिहायला-वाचायला शिकला. ज्याला शाळेनं दार उघडलं नसतं, त्याला अक्षरं भेटली ती तुरुंगात. आपल्यातले पुष्कळजण अजून तिथंच पहिल्यांदा वर्तमानपत्र सगळं वाचून काढतात. आणि उमाजीनंतर चाळीस वर्षांनी, १८७१ मध्ये, सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्यानं जन्मालाच गुन्हा ठरवलं. गुन्हा म्हणजे मुळात पाप हे वर सांगितलंच. जन्माला पाप मानायची सवय इथं आधीपासून होती. इंग्रजांनी तिला नंबर आणि हजेरी दिली. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण पोलीस चौकीतली नजर कागदाबरोबर गेली नाही.

आता रोगाकडं येतो. रोग हा शब्द संस्कृत 'रुज्'पासून आला, अर्थ मोडणं. आजार फार्सी, अर्थ छळ. आणि आपला गावठी शब्द मोडशी. खाल्लेलं पचलं नाही, पोट बिघडलं की आपण म्हणतो मोडशी झाली. हाही मोडणे ह्या क्रियापदातनंच आला. आधी तो साध्या अपचनाचा नव्हता, जीव घेणाऱ्या पटकीचा होता. गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्यानं १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या पुस्तकात ह्या रोगाचं वर्णन केलंय. पोर्तुगीजांनी आपल्या मोडशीचं 'मोर्देशी' केलं. त्यांच्याकडनं शब्द फ्रेंचांकडं गेला. फ्रेंच कानाला तो 'मोर द शियँ' असा ऐकू आला. त्या भाषेत ह्याचा अर्थ कुत्र्याचं मरण. झालं! युरोपच्या पुस्तकांत रोगाचं नाव कुत्र्याचं मरण पडलं. कुत्र्याचा संबंध काडीचा नाही. गरिबाचं पोट मोडलं होतं एवढंच.

ह्या व्यवहारात देणंघेणं कसं झालं बघा. त्यांनी आपल्याला तुरुंग दिला, आपल्याकडनं मोडशी नेली. पण मला ह्यातनं दुसरीच गोष्ट शिकायची आहे. कान फसवतो. सारखं ऐकू आलं म्हणून शब्द एका कुळातला ठरत नाही. कैद आणि कायदा सख्खे भाऊ वाटतात, आपल्या अनुभवानं तर नक्कीच वाटतात. पण अरबीत दोघांची मुळं वेगळी आहेत. कायद्याचा मूळ अर्थ पाया, बैठक.

हे एवढं पाल्हाळ मी लावलं ते एका शब्दासाठी. महारोग.

आपल्यातल्या किती जणांनी हा शब्द शाळेत ऐकलाय, हात वर करा म्हटलं तर अख्खी सभा हात वर करील. पोरं तो मध्येच तोडून म्हणायची. 'महार' म्हणून थांबायची, मग 'रोग' म्हणायची, आणि हसायची. मास्तर फळ्याकडं तोंड करून उभे. मोठेपणीही लोक तोडत नाहीत, पण ऐकतात तसंच. काहींच्या मनात तर पक्कं बसलंय की हा रोग आपल्याच वस्तीतनं निघाला म्हणून त्याला हे नाव पडलं.

हे साफ खोटं आहे, आणि त्याला पुरावा आहे. शब्दाची फोड महा अधिक रोग. मोठा रोग. सुश्रुतसंहितेत आठ रोगांना 'महागद' म्हटलंय, गद म्हणजे रोगच. ते आठ असे: वातव्याधी, प्रमेह, कुष्ठ, मूळव्याध, भगंदर, मुतखडा, मूढगर्भ म्हणजे अडलेलं बाळंतपण, आणि उदर. म्हणजे ह्या हिशेबानं साखरेचा आजार झालेला शेठ महारोगी, मूळव्याधीनं गादीवर कुशी बदलणारा सावकारही महारोगी. आठांपैकी सात जणांचं नाव सुटलं आणि ते एकट्या कुष्ठावर चिकटलं. क्षयाला बघा, त्याला राजयक्ष्मा म्हणतात, राजरोग म्हणतात. त्यामुळं क्षय कुठल्या राजघराण्यातनं आला असं कुणी विचारत नाही. तिथं कान फसत नाही. कान फसतो तो फसायचं असतं तिथंच.

शब्द मुळात शिवी नाही, हेही सांगायला पाहिजे. बाबा आमट्यांनी वरोऱ्याला १९४९ मध्ये संस्था काढली तिचं नावच महारोगी सेवा समिती. शिवी ऐकणाऱ्याच्या कानात होती. तरी मी म्हणतो, आपण कुष्ठरोग म्हणावं, कारण ज्याला तो झाला त्यालाही 'महा' नको आहे. हान्सेन नावाच्या नॉर्वेच्या डॉक्टरनं १८७३ मध्ये ह्या रोगाचा जंतू दाखवला. तो जंतू जात विचारत नाही. १९८१ नंतर जोड-औषधांचा उपचार सगळीकडं पोचू लागला आणि रोग पुरता बरा होऊ लागला. गोळ्यांनी रोग बरा होतो, पण नाव बरं करायला आपल्यालाच बसावं लागतं.

इथं एक गोष्ट आपल्या बाजूचीही. जोतिबांनी महार शब्दाची फोड महा-अरि, मोठा शत्रू, अशी केली. ती लढाईची भाषा होती, ज्यांचा इतिहास पुसला होता त्यांना ताठ उभं करायची. तिचं मोल कमी नाही. पण भाषाशास्त्र म्हणून तिलाही तीच कसोटी लावली पाहिजे जी आपण महारोगाला लावली. आपल्याला गोड लागतं ते खरं आणि झोंबतं ते खोटं, असं केलं तर समोरच्यात आणि आपल्यात फरक काय राहिला?

आता तुरुंग आणि रोग ही दोन दावी जिथं एकाच खुंट्याला बांधली, तिथं चला. १८९८ चा कायदा. त्याचं नावच लेपर्स ॲक्ट. रस्त्यावर भीक मागणारा किंवा पोटापाण्याचं साधन नसलेला कुष्ठरोगी दिसला की पोलिसानं त्याला वॉरंटशिवाय पकडायचं, आणि तपासणी होऊन हुकूम झाला की आश्रमात डांबायचं. नीट वाचा. घरात गादीवर पडलेला रोगी ह्यात सापडत नव्हता. रोगी असणं गुन्हा नव्हता, गरीब रोगी असणं गुन्हा होता. मुंबईत वडाळ्याला १८९० मध्येच असं एक घर उभं राहिलं होतं, ॲकवर्थ नावाच्या म्युनिसिपल कमिशनरच्या नावानं. हाच ॲकवर्थ शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करणारा. आपल्या शाहिरांची कवनं त्यानं जपली आणि आपल्या भिकाऱ्यांना फाटकाआड ठेवलं. माणूस एकच.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होतं. कुष्ठरोग्यांना मनाई केलेल्या सार्वजनिक विहिरीवर, तळ्यावर त्यांनी पाणी भरायचं नाही, अंघोळ करायची नाही, कपडे धुवायचे नाहीत. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसता बसलो. एका रोगाला पाणवठ्यावरनं हाकलायला इंग्रज सरकारला कायदा करावा लागला, कलम लिहावं लागलं, आधी मनाईचा नियम काढावा लागला. आपल्याला हाकलायला काय लागलं? काही नाही. कागद नाही, शिक्का नाही, डॉक्टर नाही. तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडलं. पण कागदावर होता म्हणून रद्द तरी करता आला.

भोरहून वरंध घाट उतरला की महाड. तिथल्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो माणसं पाणी प्याली. सार्वजनिक पाणवठे खुले करायचा ठराव बोल्यांनी १९२३ मध्येच मुंबई कौन्सिलात करून घेतला होता. कायदा आपल्या बाजूला होता. तरी सनातन्यांनी तळं 'शुद्ध' केलं, १०८ घागरी पाणी काढून, पंचगव्य ओतून. शेणामुतानं काय धुतलं? जंतू? तळ्यावर गुरं पीत होती, कुत्री पीत होती. धुतला तो विटाळ.

विटाळ हा असा शब्द आहे की तो रोगाचं सोंग घेतो. तो लागतो, पसरतो, धुवावा लागतो. लागण, बाधा, संसर्ग, स्पर्श हे सगळे त्याचे सोयरे. पण त्याला जंतू नाही आणि ताप नाही. बाईला महिन्याचे चार दिवस, घरात मरण झालं तर दहा दिवस. आपल्याला जन्मभर. चोखोबांच्या सोयराबाईनं हा शब्द सहाशे वर्षांपूर्वीच पकडला होता. विटाळ देहातच आहे तर विटाळाविना कोण जन्मला, हा तिचा सवाल. उत्तर अजून आलेलं नाही.

बाबासाहेबांनी 'द अनटचेबल्स' ह्या १९४८ च्या ग्रंथात हाच फरक मांडलाय. इतर समाजांतही विटाळ होता, पण तो ठराविक काळाचा, आणि विधी करून फिटणारा. इथला कायमचा, वंशाचा, आणि जागेचा. तो सांगताना त्यांनी कुठल्या उपमा वापरल्या बघा. साथीच्या वेळी रोगाभोवती घालतात तो वेढा. काटेरी तार. पिंजरा. पहिली रोगाची, दुसऱ्या दोन तुरुंगाच्या. जेलचा मूळ अर्थ पिंजरा, हे ध्यानात ठेवा म्हटलं होतं ते ह्यासाठी. आणि पुढं ते म्हणतात, प्रत्येक गावात एक घेट्टो आहे. घेट्टो शब्द व्हेनिस शहरातला. तिथं १५१६ मध्ये ज्यूंना एका वस्तीत कोंडलं, रात्री दरवाजे बंद. रोग्यांसाठीचं बेट त्याच व्हेनिसनं १४२३ मध्ये उभं केलं होतं, आणि क्वारंटीन, म्हणजे चाळीस दिवस, हा शब्दही तिथलाच. एका शहरानं रोग्याला दूर ठेवायला एक शब्द काढला, परक्या धर्माच्या माणसाला दूर ठेवायला दुसरा. आपल्या गावाला दोन शब्द लागले नाहीत. एकच पुरला. वेस. आतले गावकरी, बाहेरचे आपण.

ह्याच ग्रंथात बाबासाहेब आपल्या पूर्वजांना 'ब्रोकन मेन' म्हणतात. टोळ्यांच्या लढायांत मोडून पडलेली, गावाबाहेर वस्ती केलेली माणसं. रोग म्हणजे मोडणं, मोडशी म्हणजे मोडणं. पण रोगानं मोडलेलं माणूस बरं झालं की घरात घेतात. आपल्याला घरात घ्यायचं म्हणजे वेसच पाडावी लागली असती.

२०२० साली ह्या शब्दांची फेरी पुरी झाली. लॉकडाऊन हा अमेरिकेच्या तुरुंगातला शब्द, कैद्यांना कोठड्यांत कोंडून कुलूप लावायचा. २५ मार्चपासून तो अख्ख्या देशाला लागला. १८९७ चा साथीचा कायदा बाहेर निघाला. ज्याला घरात वेगळं राहायला सांगितलं त्याच्या डाव्या हातावर शिक्का मारला. गावोगाव रस्त्यावर दगड, काट्या टाकून 'गावबंदी'च्या पाट्या लागल्या. मुंबई-पुण्याहून चालत आलेली पोरं शाळेत, नाहीतर वेशीबाहेर. पाटलाचा पोरगाही बाहेर. आमच्या आळीतली एक म्हातारी काठीवर हनुवटी टेकून म्हणाली, "आता कळंल समद्यास्नी, भाईर ऱ्हाणं काय असतं." कळलं नाही. चौदा दिवसांनी ते आत गेले. सरकारी पत्रकांनी आधी 'सामाजिक अंतर' लिहिलं, आपल्या लोकांनी ओरड केली, मग काही ठिकाणी 'शारीरिक अंतर' झालं. तेवढी एक दुरुस्ती आपण करून घेतली. ती लहान नाही.

आता माझ्या रोजच्या गोष्टीवर येतो. कार्डिंग खात्यात रुईची धूळ नाकातोंडात जाते. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला छाती आवळून येते, दोन दिवसांनी जरा सैल होते. वर्षं गेली की सैल व्हायची थांबते. ह्याला बिसिनोसिस म्हणतात. हा ग्रीक शब्दावरनं आलेला, बिस्सोस म्हणजे तलम कापड. कामगार कायद्यातल्या रोगांच्या यादीत तो आहे, नुकसानभरपाईच्या कायद्यातही आहे. पण आमच्या खात्यात त्याला मराठी नाव नाही. कामगार म्हणतो "खोकला," डॉक्टर चिठ्ठीवर लिहितो "दमा," आणि दम्याला भरपाई नाही. महारोगात आपल्या गळ्यात नसलेलं नाव पडलं. इथं असलेलं नाव आपल्यापासून लपवलं. दोन्हीत मरतो तो तोच.

म्हणून कार्यकर्त्यांना माझं काम सांगणं आहे, भाषण नाही. एक वही घ्या. आपापल्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांकडनं रोगाचे, कोर्टकचेरीचे, पोलिसांचे, वेठीचे शब्द लिहून घ्या. पटकी, मोडशी, नारू, हिवताप, खोडा. कोण म्हणालं, कुठल्या गावात, कुठल्या प्रसंगाला, हेही लिहा. देवीचा रोग जगातनं १९८० मध्ये संपला असं जाहीर झालं, नारू ह्या देशातनं २००० मध्ये गेला. ते शब्द आता उरलेत ते म्हाताऱ्यांच्या तोंडात आणि तोंडावरच्या वणांत. अस्पृश्यता घटनेच्या १७ व्या कलमानं १९५० मध्ये संपवली, पण विटाळ शब्द अजून तरण्याताठ्यांच्या तोंडात आहे. जो रोग गेला त्याचा शब्द म्हातारा होतो. हा शब्द म्हातारा होत नाही, ह्याचा अर्थ तुम्हीच लावा.

आणि गिरणीतल्या, कारखान्यातल्या भावांनो, डॉक्टरानं चिठ्ठी दिली की तिच्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका.

जय भीम.